झिऱ्याची साक्ष

चैत्रातल्या एका सकाळी, दिवस कासराभर वर आला असताना, रंभेने नदीच्या वाळूत गुडघे टेकून करवंटीभर पाणी प्यायले. वाडीतल्या पंचवीस-तीस बाया रिकामे हंडे घेऊन काठावर उभ्या होत्या. रंभेने तोंड पुसले आणि घरची वाट धरली. आता दुसरा दिवस उगवेपर्यंत त्या झिऱ्याला कोणी हात लावणार नव्हते. सकाळी रंभा धडधाकट दिसली, तर वाडी पाणी भरणार होती. नाही दिसली, तर झिरा बुजवायचा. याला वळवाडीत झिऱ्याची साक्ष म्हणत.

ही १९५१ सालची गोष्ट. वळवाडी म्हणजे पनवेलपासून दोन मैलांवर, गाढी नदीच्या वळणावर वसलेली तीस घरांची आगरी वाडी. दिवाळीनंतर पुरुष उरणकडच्या मिठागरांवर जात ते पावसाच्या तोंडावर परतत. मागे बाया, म्हातारे आणि पोरे उरत. विहीर खणायला खाली काळा पाषाण, म्हणून उन्हाळ्यात पिण्याचे पाणी नदीतच शोधावे लागे. शिमगा झाला की वाहते पाणी दिसेनासे होई आणि उरलेल्या डोहांत म्हशी बसत. पण नदी आटली म्हणजे फक्त वरची आटली. वाळूखाली ती चालूच असे. पात्रातल्या वाळूच्या लांब उंचवट्याच्या, म्हणजे दांड्याच्या, वरच्या अंगाला पाणी आत शिरे, वाळूतून गाळत गाळत दिवसाला चार-सहा हात सरके आणि खालच्या अंगाला निवळ होऊन निघे. तिथे हातभर खोल खड्डा केला की तो झिरा.

झिरा काढण्याचे काम रंभेच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या बायकांकडे होते. रंभा कर्नाळ्याच्या पायथ्याची. तेराव्या वर्षी शिवाशी लग्न होऊन ती इथे आली आणि सासूच्या, सोनाबाईच्या, मागे वाळू तुडवू लागली. पहाटे अनवाणी चालायचे. जिथे तळव्याला गारवा लागेल आणि वाळू पायाखाली किंचित दबेल, तिथे हात घालायचा. सोनाबाई चार शब्दांच्या वर बोलत नसे; पण मरण्याच्या आदल्या वर्षी तिने सुनेला एक गोष्ट नीट बसवून सांगितली.

नवा झिरा काढला की पाणी तीनदा उपसायचे आणि चौथ्यांदा आलेले पांढऱ्या चिनी बशीत घेऊन उजेडाकडे धरायचे. चांगल्या झिऱ्याच्या पाण्यात तांदळाच्या कणीएवढे पांढरे जीव वळवळताना दिसतात. त्यांना डोळे नसतात, रंग नसतो. जन्मभर वाळूखालच्या अंधारात राहतात आणि पाण्यातली घाण खातात. "ही हायेत तवर पानी जितं हाय," सोनाबाई म्हणाली होती. "ही नसली का त्या पान्याला हात लावू नको. आन बायांना सांगू नको. किडं कलले तर वकत बसतील आन डोहातलं म्हशीचं पानी पितील."

म्हणून ही पाहणी बाया येण्याआधी उरकायची आणि हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडके बांधायला लावायचे. फडके वाळूची कचकच गाळण्यासाठी आहे असे बाया समजत. सोनाबाई गेल्यावर नऊ वर्षे रंभेने हे काम बिनचूक केले. बशीतले जीव ती परत वाळूत सोडून देई.

त्या साली पळस्प्याकडे रस्त्याचे काम निघाले आणि वाळूसाठी गाड्या नदीत उतरल्या. दोनशे पावले लांबीचा जो दांडा दरसाल वाडीला पाणी देई, तो महिनाभरात त्यांनी खरवडून नेला. मागे काळी चिकणमाती आणि गुडघाभर साचलेले पाणी राहिले. रंभेने तीन ठिकाणी हात घातला, तिन्हीकडे चिखल. बाया आठ दिवस मैलभर लांबच्या, आटत आलेल्या डोहातून पाणी आणत होत्या आणि रोज तिला विचारत होत्या. बळीराम म्हाताऱ्याची सून गोदू तर तोंडाची तिखट. सोनाबाय गेली आन हाताचा गुण संगट घेऊन गेली, असे तिने पाणवठ्यावर रंभेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले.

चौथ्या जागी, खालच्या बाजूला, एक ओहोळ नदीला मिळतो तिथे पाणी लागले. तिथली वाळूही गाड्यांनी वरवर ओढली होती. उरली होती भरड खडी. पाणी मात्र आरशासारखे. तीनदा उपसून रंभेने बशी उजेडाकडे धरली. बशीत काही नव्हते. तिने दुसऱ्यांदा पाणी घेतले, तिसऱ्यांदा घेतले. तेवढ्यात वाटेवर हंड्यांचा आवाज आला. तिने बशी पदराखाली घेतली, करवंटी उचलली आणि बाया काठावर उभ्या राहिल्यावर पाणी प्यायली.

तो दिवस तिने ओटीवर बसून काढला. पोटात जरा गुरगुरले तरी ती पोट दाबून पाही. तिची अकरा वर्षांची मुलगी भामा भाकरी घेऊन आली, तर तिला ती दूर बसवी. दुपारी गोदू मुद्दाम वाटेने गेली आणि अजून बसलीस व्हय, मला वाटलं गेलीस, असे म्हणून हसली. रंभाही हसली. तिला वाटत होते, आपल्याला काहीतरी होऊन जावे. निदान सांगण्याची पाळी तरी येणार नाही.

काही झाले नाही. सकाळी वाडीतला जाणता आणि मरीआईचा भगत काशिराम तिच्या दारात आला. साक्षीत एकच प्रश्न विचारायचा रिवाज होता: जीव थाऱ्यावर आहे का? बशीत काय दिसले हे कोणी विचारत नसे, कारण बशी कोणाला माहीतच नव्हती. रंभेने आहे म्हणून सांगितले. ते खोटे नव्हते. बायांनी हंडे भरले आणि वाडीने चार दिवस पाणी गोड आहे म्हणून तिचे कौतुक केले. गोदूनेही.

त्या चार दिवसांत रोज पहाटे रंभा बशी घेऊन गेली. आज येतील, उद्या येतील. बशी रिकामीच. पाचव्या दिवशी ती ओहोळाच्या कडेने वर चालत गेली. निरगुडीच्या झुडपांमागे रस्त्यावरच्या मजुरांच्या तट्ट्याच्या झोपड्या होत्या, चाळीस तरी असतील. माणसे ओहोळाच्या कोरड्या पात्रातच परसाकडे बसत होती आणि तिथेच डबक्यावर कपडे धूत होती. रंभेने तिथून झिऱ्यापर्यंत पावले मोजली. एकशे ऐंशी भरली. बारीक वाळूचा जाड थर असता तर घाण तेवढी वाट टिकली नसती, मधेच जिरली असती. पण पायाखाली होती वीतभर खडी. आज इथे पडले ते उद्या तिथे. एका झोपडीसमोर घोंगडीवर माणूस आडवा होता, डोळे खोल गेलेले, आणि दोघे त्याच्या अंगावरच्या माश्या वारीत होते. रंभा मागे फिरली ती जवळजवळ पळतच.

त्याच दिवशी तिने बोलायला हवे होते. वाटभर ती शब्द जुळवीत आली. पण पाणी वाईट आहे म्हटले की कशावरून, असे विचारणारच. मग बशी काढावी लागणार. वाडी जन्मभर किड्यांचे पाणी पीत आली हे सांगावे लागणार, आणि या वेळी किडे नव्हते हे ठाऊक असून आपण गप्प बसलो, हेही. पाणी नासवणाऱ्या बाईचे लोक काय करतात ते तिने लहानपणी माहेरी पाहिले होते. त्या बाईच्या अंगणात दगडांचा ढीग पडला होता आणि बाई पुन्हा कोणाला दिसली नाही. शिवा उरणला. पाठीशी उभे राहायला घरात कोणी नाही.

ती गप्प राहिली. एवढेच केले की भामाला झिऱ्याचे पाणी बंद केले.

रंभा दिवसाआड पनवेलच्या मोहल्ल्यात भाजी विकायला जाई. तिथल्या हाजराबी तिच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या परसात गोड्या पाण्याची विहीर होती. टोपली रिकामी झाली की रंभा तिथून कळशी भरून घेई आणि डोक्यावर टोपलीखाली झाकून आणी. पहिल्या दिवशी हाजराबींनी हसून दिले. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिले.

"घर नदीवर, आणि पाणी माझ्या विहिरीचं? रंभाबाई, खुदा के वास्ते खरं सांग, काय झालंय?"

काही नाही, पोरीला इथलं पाणी मानवतं, असे म्हणून रंभेने कळशी उचलली. घरी तिने भामाला बजावले, या कळशीतलेच प्यायचे आणि कोणाला बोलायचे नाही. पोरगी शहाणी, तिने का म्हणून विचारले नाही. ते न विचारणेच रंभेला लागले. स्वतः ती झिऱ्याचेच पीत राहिली, जणू काही त्याने तिची चूक फिटणार होती.

आठव्या दिवशी बळीराम म्हाताऱ्याला जुलाब-वांती सुरू झाली. शेजारधर्म म्हणून रंभा गेली. म्हातारा तासाभरात निम्मा झाला होता. पायांत गोळे येत होते आणि आवाज बसून नुसती फुंकर निघत होती. पाणी, पाणी, एवढेच ओठांवर कळत होते. गोदू उशाशी बसून चमच्याने पाणी पाजीत होती. शेजारी तांब्या, कोपऱ्यात फडके बांधलेला हंडा. पाणी कुठले ते रंभेला विचारायला नको होते. चार वेळा तिने तोंड उघडले. गोदूने वर पाहून जरा तांब्या भरून दे म्हटले, आणि रंभेने तो भरून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बळीराम गेला. तोवर आणखी दोन घरांत अंथरुणे पडली होती. पटकी हा शब्द कोणी उच्चारला नाही. सगळे मरीआई म्हणत होते. एक पोरगा पनवेलला टोचणीवाल्यांना, म्हणजे सरकारी लस टोचणाऱ्यांना, कळवायला धावला, आणि इकडे काशिरामने कौल लावला. देवी तहानेली आहे. मंगळवारी सकाळी नव्या झिऱ्याच्या पाण्याने तिला न्हाऊ घालायचे आणि तेच तीर्थ म्हणून घरोघर प्यायचे. आधी कुवाऱ्या पोरींनी, मग बाकीच्यांनी. देवीची घागर, रिवाजाप्रमाणे, झिरा काढणारीने भरायची.

मंगळवारी रंभेने घागर भरली. झिऱ्यापासून देवीच्या दगडापर्यंत तीनशे पावलांची चढण. दर पावलाला वाटे, ठेच लागून पडावे. पण वाट पायाखालची. पाय ठेचकाळायला तयार नव्हते. आणि घागर फुटली तरी दुसरी भरायला सांगतील. दगडासमोर सगळी वाडी जमली होती, आणि पोरींच्या रांगेत सर्वांत पुढे भामा उभी होती, केसांना तेल लावून. तिने आईकडे पाहिले. तिच्या नजरेत एकच प्रश्न होता: मी पिऊ का?

काशिरामने हात पुढे केले. रंभेने घागर दिली नाही. ती पोटाशी धरून रंभा खाली बसली, आणि दोन बायांना ओढूनही तिच्या हातून घागर सोडवता येईना.

"काय झालं गं?" काशिरामने विचारले.

"पानी वाईट हाय," रंभा म्हणाली. "मला पैल्या दिवसापास्नं ठावं हाय."

मग तिने सगळे सांगितले. बशी, पांढरे जीव, सोनाबाईचे बोल, ओहोळावरच्या झोपड्या. सांगताना ती जमिनीकडे पाहत होती. किड्यांचे ऐकून एक बाई बाजूला जाऊन खरेच ओकली. बाकीच्यांना अर्धे कळले, अर्धे नाही. पण मला ठावं हाय एवढे सगळ्यांना कळले होते. कोणीतरी दगड उचलला. रंभेने तो पाहिला आणि घागर आणखी घट्ट धरली.

गर्दीतून गोदू पुढे आली. कपाळावर नेहमीचे मोठे कुंकू, डोळे मात्र सुजलेले.

"भामीला काय पाजत हुतीस?"

रंभेने घागरीच्या काठाकडे पाहिले.

"बोल ना. पोर तुजी टुणटुणीत हाय ती कशी?"

"मोहल्ल्यातनं आनत हुते," रंभा म्हणाली.

"आन माज्या सासऱ्याला तांब्या भरून दिलास."

ज्याच्या हातात दगड होता त्याने तो खाली टाकला. त्याने मारण्यासारखे आता काही उरले नव्हते. काशिरामने घागर स्वतः उचलली आणि दगडापासून लांब, निवडुंगात ओतली. देवीला उद्या नारळाच्या पाण्याने न्हाऊ घालू, म्हणाला, आणि रंभेला झिरा मोडायला सांगितले.

झिरा मोडणे म्हणजे त्यात बाभळीचा काटा भरून वर दगड रचणे. ज्या बाईने आपला झिरा आपल्या हाताने मोडला, तिची साक्ष पुन्हा कोणी घेत नाही. रंभेने एकटीने काटा ओढून आणला, हात रक्ताने भरले. कोणी मदत केली नाही आणि कोणी अडवले नाही.

त्या दुपारी पनवेलहून टोचणीवाले आले. त्यांनी झोपड्यांसकट सगळ्यांना टोचले, लाल औषधाच्या पुड्या दिल्या आणि पाणी उकळून प्यायला सांगितले. पुढचे पाच दिवस वाडीने दोन मैलांवरून, हाजराबींच्या विहिरीतून, पाणी वाहिले. रांगेत रंभेच्या पुढे-मागे कोणी उभे राहत नसे. आजारी पडलेले दोघे वाचले. विहीरही अखेर तळाला लागली. हाजराबींनी स्वतः तसे सांगितले आणि घरातल्यांसाठी ठेवलेली शेवटची बादली वाडीला दिली.

त्या पाच दिवसांत रंभा पहाटे नदीवर जात होती, झोपड्यांच्या पुष्कळ वर, जिथे गाड्यांना उतार नव्हता. सहाव्या दिवशी तिने बायांना बोलावले. या वेळी तिने सगळ्यांच्या समोर पाणी उपसले आणि बशी हातोहात फिरवली. दहा-बारा पांढऱ्या कण्या बशीत वळवळत होत्या. काही बायांनी तोंड फिरवले, काहींनी बशी डोळ्यांपाशी नेऊन निरखून पाहिली. पाणी चांगले आहे यावर कोणाला वाद घालायचा नव्हता. पण प्यायचे कोणी? रंभेने करवंटी उचलली, तर ती कोणीतरी तिच्या हातातून काढून घेतली.

ती गोदू होती.

"मी पिते," गोदू म्हणाली. "तुज्या शब्दावर पिते असं समजू नको. तुला माज्या ओटीवर बसवायचंय. दुसऱ्याच्या घशाखाली उतरलं का कसं वाटतं ते बघ जरा."

आणि तिने करवंटी एका दमात रिकामी केली.

स्वतः साक्ष दिली त्या दिवशीची भीती रंभेला आता पोरखेळ वाटली. ती गोदूच्या ओटीवर बसली ती हलली नाही. आत भांडे वाजले की ती कान देई. गोदू खोकली की उठून उभी राही. वाळूखालची वाट आपण नीट मोजली का, वरच्या अंगाला आणखी कोणाची वस्ती तर नसेल, हे ती पुन्हा पुन्हा मनात घोळवीत होती. आणि दर वेळी उत्तर एकच येई: सगळे पाहिले, पण सगळे कोणाला दिसते? संध्याकाळी भामा पेज घेऊन आली. पेज तशीच निवली.

उजाडताना आतली कडी वाजली. गोदू दारात आली, केस मोकळे, डोळ्यांत झोप. तिने रंभेकडे पाहिले नाही. कोपऱ्यातला हंडा काखेला मारला आणि नदीची वाट धरली. समोरच्या दारातून दुसरी बाई निघाली, मग तिसरी. हळूहळू सगळ्या वाडीचे हंडे उताराला लागले.

रंभेला उठायचे होते. पण ती तिथेच बसून राहिली, ऊन ओटीवर चढेपर्यंत. मग भरला हंडा घेऊन गोदू परतली, तिच्या अंगावरून आत गेली, आणि केरसुणी घेऊन बाहेर आली.

"ऊठ आता," ती म्हणाली. "मला ओटी झाडायचीय."